दोघं एकाच शाळेत: सुरगाणा-पेठ पट्ट्यातल्या गुरुजी-बाईंच्या जोड्या

वरईचं शेत (धागाकर्ती) | ११ मे, रात्री ९:१५

दर मे महिन्यात शिक्षकांच्या बदल्यांची चर्चा सुरू झाली की 'पती-पत्नी एकत्रीकरण' हटकून निघतं आणि त्याच्या मागोमाग 'सवलत' हा शब्द येतो. नवरा-बायको दोघंही जिल्हा परिषदेचे शिक्षक, त्यांना जवळजवळच्या शाळा मिळतात, म्हणजे त्यांची सोय झाली, असं सगळे धरून चालतात. माझे आई आणि नाना दोघंही प्राथमिक शिक्षक होते. दोघांची बहुतेक नोकरी नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा आणि कळवण तालुक्यांत गेली, त्यातली बरीच वर्षं एकाच द्विशिक्षकी शाळेत. तो काळ घरातून पाहिल्यामुळे मी ठामपणे सांगते: ते दोघं एका शाळेत होते याचा खरा फायदा शाळेला झाला, आणि सगळ्यात जास्त गावातल्या मुलींना. आमच्या घराची सोय फार नंतर येते.

नाना १९८२ साली लागले. डी.एड. झालेलं, पहिलीच नेमणूक एकशिक्षकी शाळेवर. पहिली ते चौथी, एक खोली, एक माणूस. तालुक्याला मीटिंग असली की शाळा बंद, गुरुजी तापाने पडले की शाळा बंद, निवडणुकीचं काम लागलं की शाळा बंद. आई १९८५ मध्ये लागली, ती कळवणच्या बाजूला. लग्नानंतरही दोघं आपापल्या गावी राहत होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की नाना निघायचे आणि अंधार पडता पडता पोचायचे.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून खडू-फळा योजना आली. एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक, शक्यतो स्त्री, आणि निदान दोन खोल्या. त्या वेळच्या सुरगाण्यात एकट्या बाईने राहायचं कुठे, हा प्रश्न मात्र योजनेने सोडवलेला नव्हता. भाड्याची खोली म्हणजे कुणाच्या तरी घराची पडवी. दवाखाना तालुक्याला. गाडी म्हणजे संध्याकाळची मुक्कामी एसटी, तीही फाट्यावर थांबणारी, आणि पावसाळ्यात नदी चढली की तो फाटासुद्धा पलीकडच्या तीरावर राहायचा. आजूबाजूच्या शाळांवर दुसरी जागा मंजूर झाली, बाई हजर झाल्या, आणि काही दिवसांतच रजेवर गेल्या किंवा बदलीच्या मागे लागल्या. त्यांना मी अजिबात दोष देत नाही. आमच्या शाळेतली दुसरी जागा आईला मिळाली आणि आई टिकली, कारण तिचं घरच तिथे होतं.

पहिला फरक पटावर दिसला. नाना पटनोंदणीला घरोघर जायचे तेव्हा पुरुषमाणूस ओट्यावर बसून बोलायचा, बायका दाराआडून ऐकायच्या. आई विहिरीवर गेली, खळ्यावर गेली, कुणाच्या बाळंतपणाला गेली. मुलींना शाळेत का पाठवत नाहीत याचं खरं कारण तिला तिथे कळलं. बहुतेक घरांत सात-आठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटं भावंड होतं आणि आई-बाप शेतावर. आईने सांगितलं, भावंडाला घेऊन ये. मग दुसरीच्या वर्गाच्या कोपऱ्यात वाशाला लुगड्याच्या झोळ्या बांधल्या गेल्या. पोरगी पाढे म्हणता म्हणता पायाने झोका द्यायची. १९९२ पासून सरकारने अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या गरीब घरांतल्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसामागे एक रुपया भत्ता सुरू केला. चांगलं झालं, पण ज्या घरात बाळ सांभाळायला कुणी नाही त्या घराला रुपया पुरत नव्हता. तिथे झोळीच कामाला आली.

दुसरी गोष्ट चौथीनंतरची. पाचवीला केंद्रशाळेत (आसपासच्या गावांच्या मुख्य शाळेत) नाहीतर आश्रमशाळेत जायचं, म्हणजे गाव सोडायचं. बापाला मुलगी पाठवायची नसायची. आई जूनमध्ये मुलींना स्वतः घेऊन जायची. एक रात्र आश्रमशाळेत राहायची, न्हाणीघराला दार आहे का, कडी लागते का ते बघायची, अधीक्षिकेशी बोलायची आणि मगच परत यायची. हे नानांना जमलं नसतं. आणि आई शाळेत एकटी असती तर तिलाही जमलं नसतं, कारण चारही वर्ग सोडून ती जाणार कशी? ती गेली की नाना चारही वर्ग घेऊन बसायचे.

तिसरी गोष्ट जगायला जाण्याची, म्हणजे हंगामी मजुरीसाठी गाव सोडण्याची. भात, नागली, वरई निघाली की दिवाळीनंतर आमचा अर्धा तालुका द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतो. लेकरं सोबत जातात, आणि जानेवारीत कॅटलॉगवर (हजेरीपटावर) 'गै', म्हणजे गैरहजरच्या रांगा लागतात. आई-नाना ऑक्टोबरपासूनच घरोघर सांगायला लागायचे: आजी असेल तर पोरगं आजीपाशी ठेवा, नसेल तर आमच्याकडे. संध्याकाळी आमच्या ओसरीवर पंगत बसायची. आई भाकरी थापायची, नाना कंदिलाशी अभ्यास घ्यायचे, आणि मी नि माझा भाऊ त्याच पंगतीत असायचो. पुढे सरकारने हंगामी वसतिगृहांची योजना आणली तेव्हा आईला मनापासून आनंद झाला, कारण त्या कामाला निधी मिळू लागला. त्याआधीचा खर्च दोन पगारांतून व्हायचा. एका पगारात ते शक्य नव्हतं.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा जोड्या जिल्ह्यात पुष्कळ होत्या: पेठ, हरसूल, इगतपुरी, बागलाणचा पश्चिम भाग. ज्यांनी पाहिल्या आहेत, ज्यांच्या हाताखाली कुणी शिकलं आहे, त्यांनी लिहावं. विरोधी मत असेल तर तेही.

---

निफाडकर | ११ मे, रात्री १०:५०

मी बागायतदार. तुम्ही लिहिलेली लेकरं मी दुसऱ्या टोकाला पाहिली आहेत. आमच्याकडे ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की मजूर येतात, मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, आणि जानेवारी ते एप्रिल खुडा. बागेच्या कडेला प्लास्टिकचे तंबू. लहान पोरं दिवसभर बांधावर.

माझ्या लहानपणी एका रविवारी सुरगाण्याकडचे एक गुरुजी आणि बाई आमच्या मळ्यात आले होते. मजुरांशी बोलले, मग माझ्या वडिलांशी. त्यांचं म्हणणं इतकंच की मोठी माणसं तुमच्याकडे राहू द्या, पण या चार मुलांच्या परीक्षा आहेत, त्यांना आम्ही घेऊन जातो. वडिलांना आधी ते आवडलं नव्हतं, मजूर पोरांच्या मागे निघून जातील अशी भीती वाटली. बाईंनी बायकांना समजावलं, गुरुजींनी वडिलांना. पोरं गेली, मजूर राहिले. पुढच्या हंगामात तीच टोळी परत आली. ते तुमचेच आईवडील होते का कोण जाणे, पण हे काम एकट्या गुरुजींना जमलं नसतं एवढं नक्की. परक्या पुरुषाच्या हाती आपली मुलगी कोण देईल?

---

पटसंख्या | १२ मे, सकाळी ७:३०

वाचून भरून आलं. पण मी सध्या नोकरीत आहे आणि एकटा आहे (बायको खासगी नोकरीत), म्हणून दुसरी बाजू मांडतो.

२७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयापासून बदल्या ऑनलाइन झाल्या. अवघड (दुर्गम) क्षेत्र आणि सर्वसाधारण क्षेत्र अशी विभागणी झाली, शिक्षकांचे संवर्ग पडले. संवर्ग एकमध्ये गंभीर आजार, दिव्यांगत्व वगैरे, आणि संवर्ग दोनमध्ये पती-पत्नी, दोघांच्या शाळांत तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर. हेतू चांगला. प्रत्यक्षात माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच जोड्या या संवर्गातून रस्त्यालगतच्या, शहराजवळच्या गावांत आल्या. अवघड क्षेत्रातल्या रिकाम्या जागा मग माझ्यासारख्यांनी भरायच्या. तुमचे आईवडील एकत्र येऊन आत गेले. आजच्या जोड्या एकत्र येऊन बाहेर पडतात. या दोन गोष्टींना एकाच मापाने मोजू नये.

आणखी एक. द्विशिक्षकी शाळेत दोघंही एकाच घरचे असले की घरात लग्न निघालं, दुखणं निघालं की दोघांची रजा एकाच दिवशी. शाळेला कुलूप. हे मी आमच्या केंद्रातल्या शाळेतच पाहिलं आहे.

---

वरईचं शेत | १२ मे, दुपारी १:०५

@पटसंख्या, तुमचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यातच माझं म्हणणं आहे. नियमाने जोडप्याकडे फक्त कर्मचारी म्हणून पाहिलं. दोघांमधलं अंतर किती किलोमीटर एवढंच मोजलं. ते एकत्र कुठे बसले तर मुलांचं सर्वांत भलं होईल हा प्रश्न नियमात आलाच नाही. आणि तीस किलोमीटर तरी सगळीकडे सारखे कुठे आहेत? निफाड तालुक्यात मोटारसायकलने पाऊण तास. सुरगाण्यात घाट, फरशीपूल आणि पाऊस धरला तर अर्धा दिवस.

मला वाटतं, अवघड क्षेत्रातली एकच द्विशिक्षकी शाळा जी जोडी स्वखुशीने मागेल तिला ती आधी मिळावी, काही वर्षं तिथून हलवू नये, आणि राहायला धड घर मिळावं. बाहेर पडण्यासाठीचा प्राधान्यक्रम त्यांना नंतर द्या, आधी तुमच्यासारख्यांना.

रजेबद्दल: आमच्याकडे मोठ्या मामाच्या लग्नाला आई गेली आणि नाना शाळेत थांबले. आजोबांच्या दहाव्याला नाना गेले, तेराव्याला आई. नातेवाइकांनी नावं ठेवली. दोघांनी नोकरी संपेपर्यंत ते सोसलं.

---

पाटीपेन्सिल | १२ मे, रात्री ८:४०

मी निवृत्त शिक्षिका, वय ६७. आमचीही जोडीच. पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांत नोकरी झाली, शेवटची काही वर्षं दिंडोरीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, यजमान माझ्या आधी तीन वर्षं. नातवाने टायपिंग शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर्ग कसे वाटून घ्यायचे, यावर सुरुवातीला आमचे खूप वाद झाले. रिवाज असा की बाईंना पहिली-दुसरी, गुरुजींना तिसरी-चौथी. लहान पोरं बाईने सांभाळायची, गणित गुरुजींनी शिकवायचं. माझं गणित यजमानांपेक्षा चांगलं होतं. मग आम्ही ठरवलं, वर्ग वाटायचे नाहीत, विषय वाटायचे. गणित चारही वर्गांना मी, भाषा चारही वर्गांना ते. जोडवर्गात, म्हणजे एका खोलीत दोन वर्ग असताना, हे जड जातं. एका वर्गाला फळ्यावर शिकवत असताना दुसऱ्याच्या हाती स्वाध्याय हवा, नाहीतर गोंधळ. त्यासाठी रोज रात्री टाचण (दुसऱ्या दिवशीच्या पाठांची आखणी) दोघांनी एकत्र बसून काढायचं. जेवणं झाली की भांडी बाजूला सारून तिथेच वह्या उघडायच्या. कुठल्या पोराची वजाबाकी हातच्यावर अडते, कोण वाचताना ओळ गाळतो, हे रोज बोललं जायचं. दोन परके शिक्षक शाळा सुटल्यावर आपापल्या गाडीने निघतात, त्यांना ही वेळ मिळणार कुठून? मुलांच्या प्रगतीचं श्रेय कुणी विचारलं तर मी त्या रात्रीच्या तासाला देईन.

भाषेचं सांगते. आमची मुलं कोकणा आणि महादेव कोळी समाजातली, थोडी वारली. घरची बोली वेगळी, पुस्तकाची मराठी वेगळी. पहिलीचं पोर गप्प बसतं आणि साहेब शेरेबुकात लिहून जातात, 'मुले अबोल'. मुलं अबोल नसतात, त्यांना प्रश्न कळलेला नसतो. मी गावातल्या बायकांकडून बोली शिकले, भात लावता लावता. यजमानांना ती तितकी आली नाही, मग पहिलीत पहिले काही महिने मी बोलीतून बोलायचे आणि ते पुढच्या खोलीत मराठीतून. डी.एड.च्या काळात आम्हाला डहाणूजवळ कोसबाडला नेलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथे आदिवासी मुलांसाठी उभं केलेलं काम पाहिलं, गुरं राखणाऱ्या मुलांमागे शाळाच कुरणात नेली होती त्यांनी. ते पाहिलं नसतं तर बोलीची भीती माझ्या मनातून गेली नसती.

बाहेरची कामं सगळ्यांना माहीत आहेत: जनगणना, निवडणूक, साक्षरता अभियान, १९९५ पासून पोलिओचे रविवार. पोषण आहार सुरू झाला तेव्हा आधी शिजवलेलं अन्न नव्हतं. महिन्याला ऐंशी टक्के हजेरी असेल त्या मुलाला तीन किलो तांदूळ घरी द्यायचा. गोणी शाळेत ठेवायची, उंदरांपासून राखायची, वाटपाच्या दिवशी तराजू धरायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेली खिचडी आली. शिजवलेलं अन्न केव्हाही चांगलं, कारण ते ज्याच्यासाठी आहे त्याच्याच पोटात जातं. तांदूळ मात्र सगळ्या घरात वाटला जायचा, आणि भुकेच्या दिवसांत कुणाला नावं ठेवणार?

घरकामाचं खरं ते सांगते. आमच्या पिढीत बाई शाळाही करायची आणि चूलही. यजमान पाणी भरायचे, सरपण फोडायचे, भाकरी मात्र कधी केली नाही. मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये आपल्या नाशकातच सुरू झालं. त्याच्या आधारे दोघांनी बी.ए. केलं. त्यांची परीक्षा आधी झाली, कारण मला वाचायला वेळ रात्री अकरानंतर मिळायचा. माझी पदवी नंतर आली, पण टक्के माझे जास्त.

---

गोदाकाठ | १२ मे, रात्री १०:१०

पाटीपेन्सिल ताई, फार सुंदर. रात्रीच्या टाचणाचं वाचून वाटलं, हे कुठल्याही प्रशिक्षणात सांगितलं जात नाही.

धागाकर्तीला एक प्रश्न. तुम्हा भावंडांचं काय? शिक्षकांची मुलं शिक्षकांच्या शाळेत शिकत नाहीत, असं नेहमी म्हटलं जातं.

---

वरईचं शेत | १३ मे, सकाळी ९:२०

आम्ही दोघं चौथीपर्यंत आई-नानांच्याच वर्गात. शाळेत 'बाई' आणि 'गुरुजी' म्हणायचं, घरी आई-नाना. शिक्षाही सगळ्यांसारखीच, कधी जास्तच. पाचवीला मात्र मला नाशिकला पंचवटीत मावशीकडे ठेवलं, दोन वर्षांनी भावाला. पेठ नाक्यावर नानांच्या गाडीची वाट बघणं हे माझं बालपण. दुसऱ्यांच्या मुलींना आश्रमशाळेत सोडताना आई जी कडी तपासत होती, ती माझ्या बाबतीत मावशीवर सोपवून ती परत गेली. मोठी झाल्यावर मी तिला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "तुला मावशी होती." मला राग आला होता. आज माझ्या मुली मोठ्या होत आहेत आणि तो राग पुरता गेला असं मी म्हणणार नाही, पण तिच्यापुढे जी मुलगी उभी होती तिला खरंच कुणी नव्हतं हे मला दिसतं.

म्हणूनच 'सोय' या शब्दाचा त्रास होतो. ज्या घराने इतकं दिलं त्या घराला सवलतीचा लाभार्थी म्हणायचं, हे मला पटत नाही.

---

डांगसीमा | १३ मे, दुपारी ३:३५

मी अशा शाळेत शिकलो. घरातला पहिला शिकणारा. आता आरोग्य विभागात आहे.

आमच्या शाळेत बाई सेवाज्येष्ठ होत्या, म्हणून मुख्याध्यापकाचा चार्ज बाईंकडे. रोज सकाळी परिपाठ झाला की गुरुजी मस्टरवर सही करायला बाईंच्या टेबलापाशी यायचे. रजेचा अर्जही बाईंच्या नावे. साहेब आले की गुरुजी खुर्ची सोडायचे आणि 'मुख्याध्यापिका बाई आहेत, त्यांच्याशी बोला' म्हणायचे. गावातली मोठी माणसं यावर हसायची. आम्ही मुलं ते रोज पाहत होतो. नवरा बायकोला साहेब मानतो, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. पुस्तकात समतेचा धडा होता की नाही आठवत नाही. हे मात्र पक्कं आठवतं. माझी बायको नर्स आहे आणि माझ्यापेक्षा वरच्या पदावर आहे, आमच्या घरात त्यावरून कधी शब्द झाला नाही.

माझ्या वर्गातल्या मुलींपैकी तिघी पुढे शिकल्या. एक अंगणवाडी सेविका, एक पोलिसात, एक शिक्षिका. आमच्या आधीच्या पिढीत गावातली एकही मुलगी चौथीच्या पुढे गेलेली नव्हती.

---

खिंडवाट | १३ मे, रात्री ९:००

+१ डांगसीमा.

दोन पगारांचा मुद्दा कुणी तरी काढेलच, म्हणून मीच लिहितो. गावात शिक्षक जोडपं म्हणजे दोन पगार, त्यावरून बोललं जातं. पण हे सगळ्या काळाला लागू नाही. २००० सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत लागलेल्यांनी आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून महिना तीन हजारांवर काढली. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या जोडीला दोघांनाही जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ च्या संपात आमच्या तालुक्यातून अशी कितीतरी जोडपी मोर्चाला होती, लेकरं आजीकडे ठेवून. म्हाताऱ्या वयात घरात एक तरी खात्रीची पेन्शन असावी ही मागणी मला रास्त वाटते.

---

पटसंख्या | १४ मे, सकाळी ७:१५

चर्चा भूतकाळात राहू नये म्हणून लिहितो. ज्या द्विशिक्षकी शाळांबद्दल आपण बोलतोय त्या आज उरतील का, हाच प्रश्न आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत. पण वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांवर टांगती तलवार आहे. २०२३ मध्ये समूह शाळांचे, म्हणजे अशा लहान शाळा एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले. आपल्याच जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं २०२२ मध्ये 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' म्हणत नाशिकला आली होती, शाळा बंद केली म्हणून. धरणामुळे विस्थापित झालेल्यांची मुलं ती.

आणि त्याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यात हिवाळीची जिल्हा परिषद शाळा आहे. वर्षाचे ३६५ दिवस चालते, मुलं दोन्ही हातांनी लिहितात, लांबून लोक बघायला येतात. पाडा लहान आहे म्हणून शाळा चालत नाही, हे कारण तिथे खोटं ठरलं. पट कमी असलेली शाळा आधी नीट चालवून बघा, मग बंद करायचं बोला. धागाकर्तीने सुचवलेली जोडीची नेमणूक अशा शाळांवर करून बघायला काय हरकत आहे? परवा मी विरोध केला, तरी या रूपात माझा पाठिंबा आहे.

---

नवा खडू | १४ मे, रात्री ११:३०

नमस्कार. धागा वाचून खास खातं उघडलं. मी आणि माझे मिस्टर दोघंही सुरगाणा तालुक्यातलेच, कोकणा समाजातले. दोघांचीही निवड एकाच भरतीत झाली आहे. समुपदेशनात (शाळा निवडण्याच्या फेरीत) दोन पर्याय समोर आहेत. एक: डांबरी रस्त्यावरची दोन वेगळी गावं, फार लांब नाहीत. दोन: घाटाखालची एकच द्विशिक्षकी शाळा, दोन्ही जागा रिकाम्या, पट सतरा. घरचे पहिला पर्याय घ्या म्हणतात. मला दुसरा खुणावतो. बोलीचा प्रश्न आम्हाला नाही, ती आमचीच आहे. पण मला सहावा महिना चालू आहे. अनुभवी लोकांनी खरं खरं सांगावं.

---

पाटीपेन्सिल | १५ मे, सकाळी ६:४५

बाळा, आधी अभिनंदन, दोन्ही गोष्टींचं.

दिवस भरत आले असताना पावसाळ्यात घाटाखाली एकटीने राहायचं नाही, हे पहिलं. प्रसूती रजा हा तुझा हक्क आहे, ती पूर्ण घे. त्या काळात मिस्टर एकटे चार-पाच वर्ग घेतील, तेव्हा केंद्रप्रमुखांना आत्ताच सांगून पर्यायी शिक्षक मागून ठेवा, लेखी.

शाळा घेण्याआधी दोघांनी एकदा जाऊन या. शाळा बघू नका, आधी गाव बघा. पाणी कुठून येतं आणि मे महिन्यात येतं का. आरोग्य उपकेंद्रात नर्सबाई मुक्कामी असतात की ये-जा करतात. छपराचे पत्रे, स्वच्छतागृहाचं दार. फोनला रेंज कुठे मिळते, कारण आता सगळी माहिती ऑनलाइन भरायची असते आणि ती भरायला कुणीतरी टेकडीवर जाणार. गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या बायकांशी बोल, आधीच्या शिक्षकांबद्दल त्या काय सांगतात ते ऐक.

तुमच्यात ज्येष्ठ कोण ते नेमणूक आदेशावरून नीट समजून घ्या, चार्ज त्याच्याकडे. तुझ्याकडे आला तर डांगसीमांचा प्रतिसाद मिस्टरांना वाचायला दे. रजा एकाच दिवशी दोघांनी टाकायची नाही, हे सासरी आणि माहेरी दोन्हीकडे आधीच सांगून टाका.

तुझं बाळही त्याच शाळेच्या आवारात वाढेल. सांभाळायला आजी येऊ शकत असेल तर सोबत घेऊन जा.

---

नवा खडू | १५ मे, दुपारी १२:२०

खूप आभार, बाई. सासूबाई यायला तयार आहेत, त्यांनीच आज सकाळी सांगितलं. रविवारी आम्ही दोघं गाव बघायला जातोय. पाण्याचं आणि नर्सबाईंचं विचारून इथे लिहिते.

---

वरईचं शेत | १५ मे, दुपारी १:४५

@नवा खडू, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. आईने जोडवर्गासाठी केलेले गणिताचे स्वाध्याय माझ्याकडे आहेत, पहिली ते चौथीचे, हाताने लिहिलेले. पुस्तकं बदलली, पण हातच्याची वजाबाकी तीच आहे. नाशिकला आलात की प्रती काढून देते. आईशी आत्ताच बोलले, तिला तुमच्याशी फोनवर बोलायचं आहे. रविवारी गाव बघून आलात की संध्याकाळी करा.